चार नंबरचा मधला होल

भुरसाटोल्यात दुपारचे दोन वाजले हे कळायला पूर्वी घड्याळ लागत नसे. दोनला खाणीत बार उडायचा, मांडणीवरची भांडी एकदा वाजायची आणि बायका पोरांना जेवायला हाका मारायच्या. तीन पिढ्या गावानं आपली दुपार त्या बारावर लावून घेतली होती. मग खाणीत घूस आली आणि बार बंद झाला. पहिले सहा महिने म्हाताऱ्यांना दुपारची झोप लागेना. काहीतरी व्हायचं राहून गेलंय असं वाटून ते उठत आणि ओट्यावर येऊन उगीच बसून राहत.

घूस हे नाव कामगारांनी ठेवलेलं. कंपनीच्या कागदांत यंत्राचं नाव चांगलं ओळभर लांब होतं, आणि 'आज खाणीत घूस व्यवस्थित चालली' असं अहवालात लिहिण्याची पंचाईत असल्यामुळे साहेब लोक ते ओळभर नाव न कंटाळता घेत. पण यंत्राला शोभायचं ते कामगारांचंच नाव. बुटकं, लांब, चार पायांवर सरपटणारं, आणि तोंड सतत चालू.

त्या तोंडाची करामत समजायला सोपी आहे. दगड दाबाला फार चिवट असतो. वरून कितीही ठोका, तो हत्यारालाच बोथट करतो. ओढीला मात्र तो कच्चा. गुळाच्या ढेपेवर मधोमध सुरी मारली तर सुरी वाकते, पण कडेनं खरवडलं तर गुळाचे पापुद्रे निघत येतात, तसंच हे. घुशीच्या तोंडाला जेवणाच्या ताटाएवढ्या चार पोलादी चकत्या होत्या. त्या खडकावर समोरून न जाता त्याच्या कडेखाली शिरत, तिथे थरथरत आणि खडकाला आतून बाहेर ओढून त्याच्या कपच्या पाडत. दारू नको, धूर नको, बार उडाल्यावर धूर ओसरायची वाट पाहत बसणं नको. आणि खाली माणूसही नको. घूस चालवणारी माणसं वर, खाणीच्या फाटकाजवळच्या एका गार खोलीत बसत.

सकाळच्या पाळीला त्या खोलीत चैताली पटले बसायची. वय तीस, केस घट्ट बांधलेले, टेबलावर चहाचा थर्मास आणि स्वभाव असा की यंत्र अडलं तर आधी स्वतःची चूक शोधणार. गावात तिला घूसवाली म्हणत आणि ती ओ देई.

चकत्यांची थरथर खडकात पुढे जाते, आणि जिथे भेग, पाणी किंवा पोकळी असेल तिथून थोडीशी परत फिरते. घुशीच्या पायांत बसवलेले कान ती परतलेली थरथर टिपत, आणि पुढच्या तीन मीटर खडकाचं चित्र चैतालीसमोरच्या पडद्यावर उमटे. त्या चित्रात सगळ्यात मोलाचे होते जुने होल. होल म्हणजे पूर्वी माणसांनी ड्रिलनं मारलेली, दारू भरायची लांब भोकं. त्यातल्या एखाद्यात न उडालेली दारू अजून असू शकते, म्हणून कापायच्या आधी प्रत्येक होल कुठे संपतो हे कळायलाच हवं. हजारो जुने होल पाहून झाल्यावर घुशीच्या संगणकाला एक गोष्ट आपणहून उमगली, जी त्याला कोणी शिकवली नव्हती. प्रत्येक ड्रिलवाल्याच्या होलाला त्याचा स्वतःचा कल असतो. कोणाचा होल बोटभर वर चढतो, कोणाचा डावीकडे झुकतो, कोणाचा शेवटी थोडा वाकतो, आणि माणूस हा कल जन्मभर बदलत नाही. तो ओळखला की होलाचं बूड कुठे असणार हे आधीच सांगता येतं. संगणकानं या माणसांना नावं दिली होती : हात एक, हात दोन, हात तीन.

ते हात कोणाचे हे चैतालीनं शोधलं. उतरण्याच्या पिंजऱ्याजवळ, खाली, एक परीक्षेची भिंत होती. नवा ड्रिलवाला तयार झाला की त्यानं त्या भिंतीत पाच होल मारून दाखवायचे आणि खाली चुन्यानं आपलं नाव लिहायचं, अशी जुनी चाल. शंभरावर नावं होती. घुशीनं ती भिंत वाचली आणि हातांना माणसं मिळाली. हात अकरा म्हणजे खेमराज पटले, चैतालीचे वडील. ते गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. घरात त्यांचा एक फोटो होता, त्यात ते लग्नाचा फेटा बांधून कोणीतरी परके असल्यासारखे उभे होते. पण खाणीत, दोन वर्षांत, तिला त्यांचे चारशे बारा होल सापडले होते. सगळे किंचित वर चढणारे आणि उजवीकडे झुकणारे. असा होल पडद्यावर आला की ती यंत्र जरा हळू चालवी. याची वाच्यता तिनं कुठे केली नव्हती. तीस वर्षांच्या बाईनं भोकांवर माया करावी हे सांगायला तिलाच लाज वाटे.

त्या सोमवारी यंत्र विभागाच्या इंजिनिअर गौरी धोटे खोलीत आल्या आणि म्हणाल्या की घूस आता चार नंबरवर न्यायची. चार नंबरची पूर्वेकडची गॅलरी, म्हणजे खाणीतला आडवा बोगदा, चोवीस वर्षं सिमेंटची भिंत घालून बंद होती. आत चांगलं मँगनीज आहे, मंगळवारी वाचन करायचं, शुक्रवारी कापायला सुरुवात. धोटेबाई नागपूरच्या, ती गॅलरी का बंद आहे हे त्यांनी फायलीत वाचलं होतं, पण फायलीतला पटले आणि समोरची पटले यांचा संबंध त्यांच्या लक्षात आला नाही. चैतालीनं हो म्हटलं आणि तारखा लिहून घेतल्या.

भुरसाटोल्यात मात्र ती गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. बार उडाल्यावर होलाचं बूड कधीकधी खडकात तसंच उरतं, वीतभर, दीड वीत. त्याला सॉकेट म्हणतात. त्यात न उडालेली दारू असू शकते, म्हणून सॉकेटमध्ये पुन्हा ड्रिल घालायचं नाही, हातभर सोडून नवा होल मारायचा, असा नियम. तो खाणीत जागोजागी लाल अक्षरांत लिहिलेला असे. पण सपाट खडकावर ड्रिलचं टोक घसरतं, दंड भरून येतात, आणि सॉकेटमध्ये ते आपसूक बसतं. एका होलामागे दहा मिनिटं वाचतात. तेव्हा पाळीच्या सरदाराची पाठ वळली की सगळेच जण कधी ना कधी ते करत, आणि लाल अक्षरांकडे बघत नसत.

दोन हजार सतरा साली चार नंबरवर दोघं जण दोन ड्रिल घेऊन एकाच खडकासमोर उभे होते. डावी बाजू झनकलाल बिसेनची, उजवी खेमराज पटलेची. मधला होल, जो आधी मोकळा होईल त्यानं मारायचा. तो मधला होल मारताना सॉकेटमधली दारू उडाली. खेमराज जागीच गेला. झनकलालचा डावा कान गेला. चौकशीत विचारलं, ड्रिल कोणी घातलं, तेव्हा झनकलाल म्हणाला, मी. त्याचं ड्रिलचं सर्टिफिकेट काढून घेतलं आणि त्याला वर, बायकांच्या रांगेत, हातानं मँगनीज निवडायला बसवलं. अठरा वर्षं तो खाली मान घालून दगड निवडत होता. चैतालीची आई सगुणाबाई त्याच खाणीच्या दवाखान्यात कामाला लागली. रोज तिला त्या रांगेसमोरून जावं लागे, आणि ती रोज तोंड फिरवून जाई. चैतालीलाही लहानपणापासून तोंड फिरवायची सवय लागली, जशी इतर पोरांना नखं खायची लागते.

तो झनकलाल सोमवारीच, धोटेबाई गेल्यावर तासाभरात, खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. खाणीतली बातमी गावात पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला होता. पासष्टीचा, वाळलेला, हातात टोपी. चैतालीला क्षणभर काय करावं कळेना, कारण तोंड फिरवायला त्या खोलीत जागाच नव्हती.

"चार नंबरवर जाते म्हणते घूस," तो उजवा कान पुढे करत म्हणाला. "तो मधला होल दिसन का तुले? कोणाच्या हातचा होता ते?"

"तुमचाच होता," चैताली म्हणाली. "तुम्हीच सांगितलं होतं ना."

"सांगितलं. ठाऊक कुठं होतं मले."

मग तो दारातच बसला आणि जे त्यानं चोवीस वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. त्याला काहीच आठवत नव्हतं. सकाळी पिंजऱ्यातून उतरलो, ड्रिलला हवेची नळी जोडली, दोन-तीन होल मारले, इथपर्यंत आठवतं. त्यापुढे दवाखान्याचं छत. चौकशीच्या साहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं खरंच आठवून पाहिलं. त्या दिवशी आपण सॉकेटमध्ये ड्रिल घातलं होतं एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, कितीदा ते नाही. मेलेल्या माणसावर ढकलायचं कसं, आणि आपला नव्हता हे तरी कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून तो 'मी' म्हणाला. तेव्हा त्याला वाटलं होतं की आठवेल हळूहळू. आठवलं नाही.

"मी मारलं का नाही मारलं, हे मले मरायच्या आधी कळलं पायजे," तो म्हणाला. "दुसरं काही नको. कोणाचाही असो."

 चैताली त्याला 'बघते' एवढंही म्हणाली नाही. त्यानं टोपी घातली आणि तो गेला. तिला राग आला होता आणि तो कोणावर हे ठरेना. आपल्या आईनं चोवीस वर्षं ज्या गोष्टीवर पाय रोवून दिवस काढले, ती गोष्ट या माणसालाच ठाऊक नव्हती. आणि आता ठाऊक करून घ्यायला चारच दिवस होते, कारण शुक्रवारी घूस तो खडक कापणार आणि त्याच्या कपच्या पट्ट्यावरून वर येऊन मालगाडीत पडणार.

मंगळवारी सकाळी सिमेंटची भिंत फोडली आणि घूस आत गेली. वाचन करताना चकत्या खडकाला नुसत्या टेकवायच्या असतात. पडद्यावर गॅलरीचा शेवट हळूहळू उमटला. एकूण सतरा होल. संगणकानं त्यांची वाटणी केली. डावीकडचे हात सातचे, म्हणजे झनकलालचे. उजवीकडचे हात अकराचे. वडिलांचे होल पाहिल्यावर चैतालीला नेहमीसारखं बरं वाटलं, आणि मग ते शेवटचे आहेत हे लक्षात येऊन वाटेनासं झालं.

मधे, छातीच्या उंचीवर, खडक चहूबाजूंनी तडकलेला होता. दारू उडाली ती इथेच. होलाचं तोंड उडून गेलं होतं, पण आतली वीतभर भिंत शाबूत होती, आणि जुन्या सॉकेटच्या त्या भिंतीवर नव्या ड्रिलच्या टोकानं ओढलेला एक ओरखडा होता. संगणक त्यावर बराच वेळ घालवत होता. चैतालीला थांबायची गरज नव्हती. ओरखडा किंचित वर चढत होता आणि उजवीकडे झुकत होता. चारशे बारा वेळा तिनं तो पाहिलेला. मिनिटभरानं संगणकानंही लिहिलं : हात अकरा, खात्री सत्त्याण्णव टक्के.

तिनं थर्मास उघडला, चहा ओतला आणि तो तसाच ठेवला.

वाचनाची चित्रं पाळी संपेपर्यंतच राहत. कापण्यासाठी लागणारे आकडे संगणक वेगळे काढून ठेवी; बाकीचं चित्र दोन वाजता आपोआप पुसलं जाई, ऑपरेटरनं 'जपून ठेवा' दाबलं नाही तर. म्हणजे चैतालीनं काहीच केलं नाही तरी पुरणार होतं. खोटं बोलायचं नव्हतं, लपवायचं नव्हतं, नुसतं खुर्चीत बसून राहायचं होतं. झनकलालला सांगायचं, काका, काही कळलं नाही. तो ज्या ओझ्यासोबत इतकी वर्षं जगला त्याच्यासोबत अजून थोडी जगेल. आईचा नवरा निर्दोष राहील, आणि आपले बाबाही. तिनं हा विचार नीट, शांतपणे, सगळ्या बाजूंनी केला आणि तो तिला बराच पटला.

दोनला पाच मिनिटं असताना तिनं 'जपून ठेवा' दाबलं. यात फार थोरपणा होता असं समजायचं कारण नाही. त्या चित्रात वडिलांचे शेवटचे नऊ होल होते आणि ते पुसायला तिचा हात धजला नाही.

बुधवारी तिनं धोटेबाईंना सगळं सांगितलं, कारण बाहेरच्या माणसाला आत आणायचं तर परवानगी हवी. ऐकून धोटेबाई म्हणाल्या की आणा त्यांना, मी तोवर दुसरीकडे जाते. चैतालीनं झनकलालला आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. चित्र लावलं. काय कसं वाचायचं ते समजावलं, जरा जास्तच वेळ समजावलं, आणि मग म्हणाली, "मधला होल बाबांचा होता, काका."

तो पडद्याकडे बघत राहिला. आनंद नाही, सुटल्याचा भाव नाही. तोंड थोडं उघडं. चैतालीला वाटलं त्याला ऐकू आलं नसेल, म्हणून तिनं उजव्या बाजूला जाऊन पुन्हा सांगितलं.

"आयकलं," तो म्हणाला. मग, "माहे कोणते?"

तिनं डावीकडचे दाखवले. सात होल. त्यानं एकेकावर बोट ठेवून विचारलं, हा सॉकेटमधला का? हा? आणि हा? सातातले तीन सॉकेटमध्ये होते. बूड रिकामं निघालं म्हणून काही झालं नव्हतं, एवढंच. त्यातल्या एकाच्या आणि मधल्या होलाच्या मधे दीड हाताचंही अंतर नव्हतं.

तेव्हा झनकलाल रडला. आवाज न करता, टोपी तोंडावर धरून. चैतालीनं माणसं रडताना पाहिली होती, पण हे पाहवेना. ती उठून खिडकीशी गेली. त्याचं आवरल्यावर तो म्हणाला की फरक काही नाही, बाई, फरक फक्त नशिबाचा. आणि जाताना दारात थांबून त्यानं हात जोडले नाहीत, आभार मानले नाहीत, फक्त एक गोष्ट मागितली.

"तुह्या मायले सांगू नको. तिनं काय मंग पकडून बसावं?"

चैतालीलाही तसंच वाटत होतं, आणि दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते चूक आहे हे तिला कळलं. आईनं काय पकडून बसावं हे हा ठरवणार, मी ठरवणार, आणि आई रोज तोंड फिरवून चालत राहणार. हे काही बरोबर नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती घरी आली तेव्हा सगुणाबाई अंगणात वाळवण उलटत होती. चैतालीनं चप्पल काढली, तिच्याजवळ बसली आणि सगळं सांगितलं. हात अकरा, सत्त्याण्णव टक्के, झनकलालचे तीन. एकही गोष्ट गाळली नाही. सांगताना ती आईचा हात बघत होती. तो मधेच थांबला, मग पुन्हा एकेक वडी उलटू लागला.

सगळ्या वड्या उलटून झाल्यावर सगुणाबाई म्हणाली, "मले वाटतच होतं."

चैतालीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"त्या दिवशी गोंदियाले जायचं होतं," आई म्हणाली. "तुह्या मामाचं कुंकू होतं, सोयरीक पक्की व्हायची होती. तीनची गाडी. मी सकाळी भांडली त्याच्यासंगं. म्हटलं, माह्या माहेरचं काम असलं का तुमाले दरवेळेस उशीर होते. तो हसला. म्हणे, आज जुन्या होलातच घालतो ड्रिल, दोनच्या आत मोकळा होतो. तू साडी नेसून बस."

तिनं पदरानं हात पुसले.

"मी साडी नेसून बसली होती. मंग झनकभाऊ स्वतःहून म्हणे, मी मारला. मी म्हटलं, बरं झालं. चैताली, मी खरंच असं म्हटलं मनात. त्याचा दोष असन तर मंग माहा नाही. मले सोपं गेलं ते. म्हणून तोंड फिरवून जात होती मी. त्याच्याकडं पाहिलं असतं तर खरं बोलावं लागलं असतं."

चैतालीनं आईला जवळ घेतलं. आई रडत नव्हती.  चैतालीला तिचा राग यायला हवा होता आणि तो आलाही, अठरा वर्षं दगड निवडणाऱ्या माणसासाठी आला, पण त्या रागाच्या पोटात इतकी दया होती की तो टिकेना. एका बाईनं नवऱ्याला घरी लवकर या म्हटलं होतं. सगळ्या जगातल्या बायका म्हणतात.

थोड्या वेळानं सगुणाबाई उठली, तोंड धुतलं, केस बांधले. चैताली म्हणाली, मी येते. आई नको म्हणाली. झनकभाऊच्या घरी जायचं तर एकटीनंच जायला हवं, आणि लेकीसमोर पुन्हा एकदा हेच सांगायची ताकद आपल्यात नाही, असं ती अगदी सरळ म्हणाली. ती वरच्या गल्लीकडे जाताना चैताली अंगणातून बघत राहिली. गल्लीतल्या दोन बायकाही बघत राहिल्या, आणि त्यांना काय समजायचं ते त्यांनी समजून घेतलं असणारच. आई दीड तासानं परत आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, पण जेवली नीट.

शुक्रवारी सकाळी धोटेबाईंनी खोलीत दोन जास्तीच्या खुर्च्या ठेवल्या होत्या. सगुणाबाई एकीवर बसली, झनकलाल दुसरीवर. दोघांच्या मधे एका माणसाची जागा सुटली होती. चैतालीनं घूस सुरू केली. चकत्या गॅलरीच्या डाव्या कडेखाली शिरल्या आणि पडद्यावर खडक सोलून निघायला लागला. झनकलालचा पहिला होल गेला, दुसरा गेला. ते नाहीसे होताना कसलाही आवाज वर येत नव्हता, फक्त चित्रातली एक काळी रेघ कमी होई. चैताली नेहमीसारखी काम करत होती. तिला एवढंच वाटत होतं की उजव्या बाजूला पोचायला जितका उशीर होईल तितका बरा. ते नऊ होल गेले की वडिलांचं आणखी काही कुठे सापडायचं उरलं नव्हतं. हीच त्यांनी काम केलेली शेवटची जागा.

सगुणाबाई पडद्याकडे बघत म्हणाली, "झनकभाऊ, तुमी काहून घातलं होतं सॉकेटात? तुमाले तर कुठं जायचं नव्हतं."

झनकलालनं उजवा कान तिच्याकडे केला.  मग म्हणाला की सकाळी पिंजऱ्यातून उतरतानाचं तेवढं त्याला आठवतं. खेमराजनं तीनची गाडी सांगितली होती. म्हणाला होता, सगुणा आज लय तापली, आज उशीर झाला तर जेवण बंद. एकाचे होल झाले आणि दुसऱ्याचे राहिले तर दोघांनाही थांबावं लागतं. म्हणून यानंही घाई केली.

"लय बोलत होता तो तुमच्याबद्दल," झनकलाल म्हणाला. "ड्रिल चालू असलं का माणसाले काही आयकू येत नाही. तरी तो बोलतच राहे. ड्रिल बंद झालं का मी विचारत होतो, काय म्हणत होता रे? तर म्हणे, काही नाही, घरचं."

सगुणाबाईनं डोळ्यांना पदर लावला. चैतालीच्या हाताखाली घूस चालू होती. तिला आठवेना की आजवर कोणी तिला वडिलांबद्दल असं काही सांगितलं असेल, फोटोतल्या फेट्यापलीकडचं. सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो दोन गल्ल्या पलीकडे, चोवीस वर्षं, राहत होता.

"अजून काय म्हणत होते?" तिनं पाठीमागे न बघता विचारलं.

"लय काही," झनकलाल म्हणाला. "तू झाली त्या दिवशीचंच सांगतो."

चैतालीनं चकत्या खडकापासून मागे घेतल्या आणि घूस थांबवली. पडद्यावर मजकूर आला, काम थांबण्याचं कारण निवडा, आणि खाली यादी : वीज, पाणी, चकतीची झीज, छताची तपासणी, जेवणाची सुट्टी. तिनं कशावरच बोट ठेवलं नाही आणि खुर्ची त्या दोघांकडे वळवून बसली.